पद्मिनीचा फ्लोअर गंजलाय, बॉडी रोटिसरीवर चढवून काम करावं का?

तुम्ही लिहिलंय की ८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, अलिबागला वर्षानुवर्षं उभी होती, फ्लोअर आणि दोन्ही सिल (दारांखालच्या पत्र्याच्या लांब पेट्या) गेलेत आणि गॅरेजवाले म्हणतायत रोटिसरी (बॉडी दोन टोकांना धरून गोल फिरवायचा स्टँड) कशाला, घोड्यांवरच (खालून टेकू द्यायच्या साध्या स्टँडवर) करून देतो. मी बाबांची ८४ ची पद्मिनी तीन वर्षं खपून उभी केली म्हणून सांगतो, खाऱ्या हवेतली गाडी आहे आणि फ्लोअर बदलायचाच आहे तर रोटिसरी कराच, फक्त सिलचं काम झाल्याशिवाय बॉडी तिच्यावर चढवू नका.

सुरुवातीचे दोन महिने मी पण घोड्यांवरच काढले. खाली झोपून डोक्यावर वेल्डिंग करायचं म्हणजे ठिणग्या मानेवर, हात भरून येतो, आणि टाका नीट आत शिरलाय की नुसता वर बसलाय हे कळतच नाही. मग फॅब्रिकेटरकडून तीन इंची स्क्वेअर पाईपचे दोन स्टँड करून घेतले, बॉडी आडवी केली, आणि ज्याला मी चांगला पत्रा समजत होतो तिथे डांबर खरवडल्यावर नुसती लांबी (म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी) निघाली, कोणीतरी कधीतरी भोक बुजवून वर काळा रंग मारलेला. हे झोपून कधीच दिसलं नसतं.

आता सिलचं. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि मधली ताकद बरीचशी सिलमध्ये असते. रोटिसरी बॉडीला दोन टोकांना धरते, म्हणजे वजनाने सगळा बाक मध्ये येतो, बरोबर जिथे तुम्ही सिल कापलंय तिथेच. मी डावं सिल रोटिसरीवर कापलं, नवीन बसवलं, वेल्ड केलं, आणि नंतर दार लावून बघतो तर वरचा गॅप मिटलेला, दार पिलरला घासतंय. सगळं परत कापावं लागलं, खूप जिवाला लागलं ते. म्हणून सपाट जमिनीवर घोड्या लावा, दारं बसवलेली ठेवा, एका वेळी एकच सिल काढा, दाराच्या चौकटीत आतून एक इंची पाईपचे आडवे-तिरपे टेकू टाक्यांनी मारून घ्या आणि कापायच्या आधी चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून लिहून ठेवा. सिल झाली, दारं नीट लागली, की मग दारं काढून बॉडी वर चढवा, पण आतले टेकू फ्लोअर पूर्ण होईपर्यंत काढायचे नाहीत.

धरायचं कुठे, तर बंपरचे ब्रॅकेट बसतात तिथे, पण आधी तिथला पत्रा हातोडीने ठोकून बघा, तोच कुजका असेल तर अख्खी बॉडी खाली येईल. गाडी जवळजवळ दीड मीटर रुंद आहे त्यामुळे शाफ्ट (ज्यावर बॉडी फिरते तो दांडा) जमिनीपासून साडेतीन फुटांवर तरी हवा, नाहीतर फिरवताना कोपरा खाली घासतो. शाफ्टची उंची बॉडीच्या मानाने वर-खाली करता येईल अशी भोकं ठेवायला सांगा. फिरणं अडवणारी लॉक पिन काढल्यावर बॉडी आपोआप सरळ व्हायला बघत असेल तर वजन शाफ्टच्या खाली आहे, उलटी व्हायला बघत असेल तर वर आहे. कुठेही सोडली तरी तिथेच थांबते, तेव्हा जमलं. पहिल्यांदा पिन काढताना दोन माणसं धरायला हवीतच, आणि पिन लावल्याशिवाय कोणी खाली हात घालायचा नाही.

सँडब्लास्टिंग फ्लोअरला आणि आतल्या कोपऱ्यांना ठीक आहे, छत आणि बॉनेटवर अजिबात नको, पत्रा लाटा घेतो. धूळ फुप्फुसात जाते म्हणून चांगला मास्क लावा, रुमाल चालत नाही. चासी नंबर पंच केलाय त्यावर जाड टेप लावा, तिथे ग्राइंडर लागला तर आरटीओत फार त्रास होईल. ब्लास्टिंग झालं की बॉडी आठ-दहा वेळा पूर्ण फिरवा, पेटीसारख्या बंद भागांतून वाळू निघतच राहते आणि ती आत राहिली तर ओल धरून परत गंज सुरू. मग त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला थर), उघडा पत्रा कोकणच्या हवेत रात्रभर ठेवू नका.

सगळ्यात शेवटी रंगानंतर बॉडी उलटी असतानाच सिलच्या आत मेण फवारून घ्या, आणि सिलच्या खालची पाणी जायची बारीक भोकं तारेने मोकळी करा, माझ्या गाडीची ती कोणीतरी अंडरकोटिंगने बुजवली होती आणि सिल आतून सडायचं कारण तेच होतं.