बाजारातल्या वेगवेगळ्या व्हर्जिन खोबरेल तेलांपैकी चांगलं कोणतं, हे कसं ओळखायचं?

तुम्ही तीन बाटल्यांबद्दल विचारलंय. एकीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ लिहिलंय, दुसरीवर ‘सेंट्रिफ्यूज’, तिसरीवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. तिन्हींवर ‘५० टक्के लॉरिक ॲसिड’ आहेच आणि किमतीत अडीचपट फरक आहे. मी खाद्यतेलं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते आणि माहेर वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे हे तेल कढईत आणि काचेच्या नळीत दोन्हीकडे पाहिलेलं आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण या तेलाच्या नावावर लोकांचे बरेच पैसे वाया जातात.

लॉरिक ॲसिड म्हणजे खोबरेलातलं मुख्य स्निग्ध आम्ल; त्याचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. खोबरेल तेल कुठलंही असो, व्हर्जिन, घाण्याचं किंवा रिफाइंड, त्यात लॉरिक ॲसिड साधारण ४५ ते ५३ टक्के असतंच. तो नारळाचा गुण, बनवणाऱ्याचा नाही. ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’चंही तसंच. ऑलिव्ह तेलात या शब्दाला ठरलेला दर्जा आहे, खोबरेलात असा वेगळा दर्जा कोणी ठरवलेला नाही.

‘कोल्ड प्रेस्ड’ला मात्र नीट प्रश्न विचारा: कशापासून? सुकं खोबरं लाकडी घाण्यावर काढलं तरी बाटलीवर ‘कोल्ड प्रेस्ड’ येतं. खोबरं स्वच्छ उन्हात वाळलेलं असेल तर ते तेल उत्तमच लागतं, आमच्याकडे फोडणीला तेच असतं. पण नारळाच्या व्यवहारात व्हर्जिन म्हणतात ते ओल्या खोबऱ्यापासून, रिफायनिंग न करता काढलेल्या तेलाला. सुक्या खोबऱ्याचं तेल त्या भावाने घेऊ नका. शिवाय खोबरं धुरावर वाळवलेलं किंवा बुरशी धरलेलं असेल तर तो दोष थेट तेलात उतरतो.

ओल्या खोबऱ्यापासून तेल काढायच्या पद्धती अनेक. नारळाचं दूध सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या यंत्रात, फिरवून पाणी वेगळं करतात; किंवा ते दूध दिवस-दीड दिवस ठेवून आंबवतात आणि वर आलेलं तेल काढून घेतात; किंवा कीस मंद वाळवून दाबतात. कोकणातलं मुठेल आणि केरळातलं उरुक्कु वेळिच्चेण्णा या जुन्या पद्धती, दूध कढईत आटवायच्या. आटवताना लक्ष ठेवायचं ते आवाजावर. दुधातलं पाणी असेपर्यंत कढई तडतडत राहते. तो आवाज बसत गेला आणि तळाचा चोथा बदामी झाला, की लगेच उतरवायचं. दोन मिनिटं जास्त झाली तर तेलाला करपट वास बसतो. लवकर उतरवलं तर पाणी राहतं, आणि महिन्याभरात तेल खवट होतं.

लोकांना वाटतं की ‘कोल्ड’ म्हणजे आपोआप श्रेष्ठ. तसं नाही. श्रीलंकेत झालेल्या अभ्यासात, आटवून काढलेल्या तेलात फिनॉलिक घटक (तेल खवट होण्यापासून जपणारे) थंड पद्धतीच्या तेलापेक्षा जास्त आढळले होते. सेंट्रिफ्यूजचं तेल पाण्यासारखं नितळ आणि वासाला सौम्य असतं. आटवलेलं किंचित पिवळसर आणि खमंग. आवडीचा भाग आहे. दर्जा ठरतो तो नारळ किती ताजा होता, फोडल्यापासून तेल निघेपर्यंत किती वेळ गेला आणि शेवटी पाणी किती निघालं यावर. पाणी राहिलं की स्निग्ध आम्लं सुटी होतात, आणि लॉरिक ॲसिड सुटं झालं की तेलाला साबणासारखी चव येते.

आता आकडे. जकार्ताच्या आशियाई व पॅसिफिक नारळ समुदायाने (आताचा आंतरराष्ट्रीय नारळ समुदाय, भारत त्याचा सदस्य आहे) व्हर्जिन खोबरेलासाठी मर्यादा घातल्या आहेत: पाण्याचा अंश ०.१ टक्का, सुटी स्निग्ध आम्लं ०.२ टक्के, पेरॉक्साइड मूल्य (तेल हवेने किती बिघडलंय त्याचं माप) किलोमागे ३. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेच्या मानकात व्हर्जिन तेलांना पेरॉक्साइड १५ पर्यंत चालतं, म्हणजे नारळवाल्यांनी स्वतःला किती कडक नियम लावलाय ते बघा. पेरॉक्साइडची चाचणी डोळ्यांना दिसते. तेलात पोटॅशियम आयोडाइड घालून काही वेळ ठेवलं की तेल जितकं बिघडलेलं तितकं द्रावण पिवळं होतं. मग स्टार्च घातला की ते निळं-काळं होतं आणि थायोसल्फेट थेंब थेंब सोडत तो रंग घालवायचा. चांगल्या ताज्या तेलात पिवळेपणा जेमतेम दिसतो आणि चार-दोन थेंबांत रंग उडतो. दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेली महागडी बाटली असेल तर ब्युरेटमधली, म्हणजे थेंब सोडायच्या मापनळीतली, पातळी खाली उतरतच राहते.

पण नुसत्या आकड्यांवरही जाऊ नका. रिफाइंड खोबरेलाला उंच तापमानावर वाफ देऊन वास काढलेला असतो, त्यात सुटी आम्लं आणि पेरॉक्साइड दोन्ही जवळपास शून्यावर येतात. म्हणजे रिफाइंड तेल या परीक्षेत व्हर्जिनच्याही पुढे जाईल! म्हणून आकडा आणि नाक, दोन्ही हवीत.

नाकाची परीक्षा घरी अशी करा. दोन चमचे तेल लहान काचेच्या पेल्यात घ्या, वर बशी झाका, आणि पेला हाताला सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. मग बशी काढून लगेच वास घ्या. ताजं खोबरं विळीवर खोवताना येतो तसा गोडसर वास यायला हवा. आंबूस वास आला तर आंबवण्याचं काम बिघडलंय, धुरकट आला तर सुक्या खोबऱ्याचा संशय घ्या, काहीच वास नसेल तर ते बहुधा रिफाइंड. एकदम भडक, टॉफीसारखा वास आला तर इसेन्स असू शकतो. नंतर थोडं जिभेवर घ्या. घशाशी खवखव किंवा साबणाची चव नको. तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून केलंत तर फरक पहिल्याच झटक्यात कळेल.

उरलेल्या पाण्यासाठी एक चमचा तेल छोट्या कढल्यात मंद तापवा. तडतडलं तर पाणी आहे.

फ्रिजची परीक्षा सगळे सांगतात, तिच्या मर्यादा लक्षात घ्या. खोबरेल २४-२५ अंशांखाली गोठतं, त्यामुळे सोयाबीन किंवा सूर्यफूल मिसळलं असेल तर ते वर पातळ राहण्याची शक्यता असते. पण पाम कर्नेल तेलही (पामच्या बीच्या गराचं तेल) थंडीत गोठतं आणि त्यातही लॉरिक भरपूर असतं. ती भेसळ फ्रिजमध्ये कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. भेसळ हा काल्पनिक धोका नाही. नारळाच्या केरळातच २०१८ मध्ये अन्नसुरक्षा विभागाने खोबरेल तेलाच्या कित्येक ब्रँडवर बंदी घातली होती.

किमतीचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. एक लिटर व्हर्जिन तेलाला मध्यम आकाराचे दहा-पंधरा नारळ लागतात. तुमच्या गावात नारळ कितीला मिळतो ते धरून गुणाकार करा, घाऊक भावाची सूट द्या, वर मजुरी आणि बाटली धरा. त्याच्या निम्म्या भावात कोणी ‘शुद्ध व्हर्जिन’ देत असेल तर घेऊ नका. उलट, हिशेबाच्या तिप्पट किंमत असेल तर ती बाटलीच्या दिसण्याची आहे.

तब्येतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी एवढं सांगते: व्हर्जिन असो वा साधं, यातली ९० टक्के चरबी संपृक्तच आहे. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा.

तुमच्या तीन बाटल्यांपैकी मी सेंट्रिफ्यूजची उचलेन, पण लेबलवर ओल्या नारळाचा उल्लेख, खाद्यतेल म्हणून परवाना क्रमांक आणि अलीकडची उत्पादन तारीख असेल तरच. ‘कोल्ड प्रेस्ड’वाल्याला ओलं की सुकं ते विचारा, आणि तिसऱ्याला तपासणी अहवाल मागा. चांगले छोटे उत्पादक फोनवर अहवाल पाठवतात. मोठी बाटली स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्या, उन्हापासून लांब ठेवा, आणि ओला चमचा कधीही आत घालू नका. थंडीत तेल रवाळ गोठलं तर तो दोष नाही, बाटली कोमट पाण्यात ठेवा, पुन्हा पातळ होईल.