टाकीत कोण कोणाशेजारी राहील?

या महिन्याच्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच आहे: अमका मासा तमक्याबरोबर चालेल का? पण टाकी केवढी आहे, हे फारच थोड्यांनी लिहिलंय. पत्रात टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये जरूर लिहा. तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागलं की लिटर मिळतात. हीटर आहे का, फिल्टर कोणता, पाणी किती दिवसांनी बदलता, हेही कळवा. माझं अर्धं उत्तर त्यातच असतं.

प्रश्न: आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. त्यात दोन गोल्डफिश, एक एंजल, सहा निऑन टेट्रा आणि काच साफ ठेवायला एक सकर आहे. मारामारी कधीच दिसली नाही. तरी निऑन एकेक करून नाहीसे झाले, आता दोनच उरलेत. मेलेला मासाही सापडत नाही. गोल्डफिश सकाळी वर येऊन तोंड उघडमीट करत असतात. यातला त्रास देणारा मासा कोणता?

उत्तर: निऑन एंजलने खाल्ले असणार. पण म्हणून त्याला त्रास देणारा म्हणू नका. निऑन जेमतेम तीन सेंटिमीटरचा, सडपातळ. एंजल लहान असताना दोघं शेजारी शेजारी पोहतात आणि आपल्याला वाटतं, जमलं यांचं. एंजल वाढला, की निऑन त्याच्या तोंडात मावतो आणि जो तोंडात मावतो तो त्याचं अन्न असतो. हे बहुधा दिवे बंद झाल्यावर घडतं, कारण तेव्हा निऑन एका जागी सुस्त थांबलेले असतात. म्हणून तुम्हाला मारामारी दिसली नाही.

मला जास्त काळजी तुमच्या गोल्डफिशची वाटते. तुमची टाकी सुमारे ५४ लिटरची. वाळू आणि दगड वजा केले तर पाणी त्याहूनही कमी. गोल्डफिशला जठर नसतं. तो दिवसभर काही ना काही टिपत राहतो आणि तितकीच घाण करतो. दोन फॅन्सी, म्हणजे गोलमटोल अंगाच्या, गोल्डफिशना शंभर लिटरच्या खाली सुख नाही आणि लांबट अंगाच्या साध्या जातीला तेही अपुरं. त्यात एंजलसाठी तुम्ही हीटर लावला असेल. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, १८ ते २२ अंशांत खुलणारा. एंजलला २५ ते २८ अंश लागतात. मधलं तापमान ठेवलं तर दोघांचीही अडचण होते. शिवाय पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साधारण साडेसात. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून सकाळची वेळ सगळ्यात वाईट.

दुसरी शंका अमोनिया आणि नायट्राइटची. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. मासे जास्त आणि फिल्टर तोकडा असेल तर ही साखळी तुटते. अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, मग पाण्यात हवा भरपूर असली तरी मासा धापा टाकतो.

आजच हे करा. एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. एअर पंप रात्रभर चालू ठेवा. एक दिवस खाणं देऊ नका. मग टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. थोडं जरी दिसलं तरी ते शून्यावर येईपर्यंत रोज पाणी बदला.

त्यानंतरचा निर्णय तुम्हाला जड जाईल, पण तो घ्याच. या टाकीत गोल्डफिश ठेवायचे की गरम पाण्यातले मासे, हे आधी ठरवा. माझ्या मते गोल्डफिश मोठ्या टाकीत किंवा बागेतल्या तळ्यात ते पाळणाऱ्या कोणाला द्यावेत. एंजललाही एक फूट उंची कमीच. सकरचंही तेच. आत्ता बोटाएवढा असला तरी तो फुटाहून लांब होतो, दहा-पंधरा वर्षं सहज जगतो आणि उपाशी राहिला की गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खातो. शेवाळासाठी मासाच हवा असेल तर पुढेमागे ब्रिसलनोज बघा, तो बारा-तेरा सेंटिमीटरवर थांबतो. मात्र नको झालेला मासा नदीत किंवा तलावात सोडू नका. सकर कित्येक देशांत असाच नद्यांत पसरला आणि तिथल्या माशांच्या मुळावर आला.

मग उरलेल्या दोन निऑनना सोबत द्या. एकूण दहा होऊ देत. खाली बारीक वाळू आणि त्यात सहा पांडा कोरिडोरास, वर एक हनी गुरामी. तिघांनाही २४ अंश मानवतात, कोणी कोणाच्या तोंडात मावत नाही आणि वर, मधे, तळाला अशी प्रत्येकाची जागा वेगळी. कोरिडोरास तळ उकरून खातात. खडे टोकदार असतील तर त्यांच्या मिशा झिजतात, म्हणून वाळूचा आग्रह.

प्रश्न: ताई, मी आठवीत आहे. माझ्याकडे एक निळा फायटर आहे. तो एकटाच असतो, मला त्याचं वाईट वाटतं. त्याला मैत्रीण म्हणून मादी आणू का? की गप्पी आणू?

उत्तर: तुला त्याची काळजी वाटते हे वाचून फार बरं वाटलं. पण बाळा, तो एकटा असला तरी एकाकी नाही. फायटरचा नर आपली हद्द राखून राहणारा मासा. दुसरा नर दिसला की तो लढतोच. मादीला तो फक्त अंडी घालण्याच्या वेळी जवळ येऊ देतो, एरवी तिला पळवून पळवून बेजार करतो, आणि छोट्या टाकीत तिला पळायलाही जागा नसते. गप्पीचा नर रंगीत, मोठ्या शेपटीचा. त्याला तो दुसरा फायटरच समजू शकतो.

सोबतीपेक्षा त्याला जागा दे. निदान वीस लिटरची टाकी, २५ ते २७ अंशांचं पाणी, हळू चालणारा स्पंज फिल्टर. त्याचे पर लांब असतात, पाण्याचा झोत जोराचा असला की तो थकून जातो. पाण्याच्या वरच्या भागात रुंद पानाची एखादी वनस्पती लाव. त्या पानावर तो विसावा घेईल. टाकीवर झाकण ठेव, पण पाणी काठोकाठ भरू नको. फायटरच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्याने तो वरची हवाही श्वासात घेतो. हवेला जागाच उरली नाही तर तो गुदमरतो. एखाद्या दिवशी पाण्यावर बुडबुड्यांचा पुंजका दिसेल. ते त्याने बांधलेलं घरटं, मादी नसतानाही तो ते बांधतो.

तरीही टाकीत आणखी कोणी हवंच असेल तर एक नेराइट गोगलगाय आण. ती शेवाळ खाते आणि गोड्या पाण्यात तिच्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत.

प्रश्न: तीन गप्पी माद्या आणि एक नर आणले होते, आता मोजता येत नाहीत इतके झालेत. नर काढून टाकला तरी पिल्लं होतच आहेत. संख्या आटोक्यात राहावी म्हणून एखादा मोठा मासा सोडावा का?

उत्तर: नर काढल्यावरही पिल्लं होणारच. गप्पीची मादी एकाच मीलनातलं वीर्य शरीरात साठवून ठेवते आणि कित्येक महिने, दर चारेक आठवड्यांनी, पिल्लं देत राहते. वाढणाऱ्या पिल्लांतही नर असतातच आणि दोन-अडीच महिन्यांत तेही वयात येतात.

मोठा मासा सोडू नका. तो पिल्लांवर थांबेल याची खात्री नाही, आणि तुमचं पाणी त्याला मानवेल याचीही नाही. गप्पीला जड, क्षार असलेलं पाणी आवडतं. पिल्लं वेगळी करा आणि नर ओळखू येऊ लागले की एका टाकीत फक्त नर ठेवा. शेपटीजवळचा खालचा पर मादीत पंख्यासारखा असतो, नरात तो काडीसारखा लांबट होतो. नर एकमेकांच्या मागे लागतात, म्हणून दोन-तीन ठेवण्यापेक्षा सात-आठ ठेवा आणि वनस्पती दाट लावा. माद्या आणि उरलेली पिल्लं गप्पी पाळणाऱ्या कोणाला द्या.

प्रश्न: तीन टायगर बार्ब आमच्या गुरामीचे लांब पर कुरतडतात. तीनमधले दोन काढून टाकू का?

उत्तर: उलट करा. गुरामी हलवा आणि बार्ब वाढवा. टायगर बार्ब घोळक्यातला मासा. आठ-दहा जण असले की त्यांची वरचढ होण्याची धडपड आपसातच चालते. तीन असले की ती शेजाऱ्यावर निघते आणि एकटा उरलेला बार्ब तर बहुधा जास्तच चिडका होतो. टाकी शंभर लिटरच्या आसपास हवी. लांब परांचा मासा त्यांच्यासोबत कधीच ठेवू नका, एंजल आणि फायटर तर नाहीच.

प्रश्न: ‘एक इंच माशाला चार लिटर पाणी’ हा नियम बरोबर आहे का?

उत्तर: निऑनसारख्या लहान, सडपातळ माशांपुरता ठीक. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि घाण वजनाच्या मानाने वाढते, लांबीच्या नाही. दहा इंचांचे मिळून निऑन चाळीस लिटरमध्ये राहतील. ऑस्कर नावाच्या दहा इंची, जाडजूड माशाला तेवढ्या पाण्यात नीट वळताही येणार नाही. शिवाय इंच मोजायचे ते पूर्ण वाढीचे, आणताना दिसतात ते नव्हेत.

प्रश्न: निवृत्तीनंतर मासे पाळायचं मनात आहे. नवी टाकी घेतली आहे, ९० बाय ३८ बाय ४५ सेंटिमीटर. एंजल मला फार आवडतात. त्यांच्यासोबत कोण चालेल आणि कोणाला आधी आणावं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मन प्रसन्न झालं, कारण टाकीत अजून एकही मासा नाही! ही टाकी सुमारे १५० लिटरची आणि ४५ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे एंजलच्या एका जोडीला छान.

आधी वाळू, वनस्पती, फिल्टर आणि पाणी. चिमूटभर माशांचं खाणं रोज टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. याला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया चढतो, उतरतो, मग नायट्राइट चढतं, उतरतं. दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार. या काळात फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. ही सवय पुढेही ठेवा.

मग पहिल्यांदा आठ-दहा रमीनोज टेट्रा, शक्य तितके वाढलेले. ते पाच सेंटिमीटरपर्यंत होतात, चपळ असतात आणि एंजलला लागणारं २६ अंशांचं पाणी त्यांनाही मानवतं. दोन-तीन आठवड्यांनी सहा कोरिडोरास आणा, पण पांडा नको. पांडाला हे पाणी गरम पडतं, स्टरबाय जात घ्या. विडो टेट्रा कोणी सुचवला तर नको म्हणा, तो एंजलचे पर कुरतडतो.

नवे मासे शक्यतो आधी वेगळ्या छोट्या टाकीत दोन-तीन आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा आजार आणल्या दिवशी दिसतोच असं नाही. सोडताना पिशवी पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घाला आणि मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

एंजल सगळ्यात शेवटी. जो आधी येतो तो जागा धरून बसतो आणि नंतर येणाऱ्याला हुसकावतो, म्हणून हद्द राखणारा मासा मागाहून यावा. नर-मादी लहानपणी ओळखता येत नाहीत. पाच-सहा छोटे एंजल आणा आणि वाढू द्या. सात-आठ महिन्यांत त्यातले दोघं इतरांपासून वेगळे होऊन एखादं उभं पान किंवा फिल्टरची नळी साफ करू लागतील. ती तुमची जोडी. अंडी घातल्यावर ते अर्धी टाकी अडवतात, म्हणून बाकीच्या एंजलना कोणाकडे द्यायचं हे आणण्याआधीच ठरवून ठेवा. टेट्रांना त्या दिवसांत दुसऱ्या टोकाला दाट वनस्पतींचा आडोसा पुरतो.