90 टक्के जलपर्णी काढूनही दीड महिन्यात तळं पुन्हा का झाकलं?

पुण्यात पाषाणजवळच्या तळ्यातली 90 टक्के जलपर्णी काढली, तरी दीड महिन्यात तळं पुन्हा हिरवंगार झालं, असं तुम्ही लिहिलंय. उरलेल्या 10 टक्क्यांचा हिशोब मांडला की कोडं सुटतं.

सांडपाणी मिसळलेल्या उबदार पाण्यात जलपर्णी 12 दिवसांत दुप्पट होते असं धरा. 10 चे 20, 40, 80. छत्तिसाव्या दिवशी तळं भरत आलं. तीच 1 टक्क्यावर आणली असती, तर आणखी 40 दिवस मिळाले असते. पहिले 90 टक्के काढूनही तेवढेच दिवस मिळतात! पण काम टनावर मोजलं की शेवटचे 9 टक्के वेचायला कोणी थांबत नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच बिघडतं.

वाढ कुठवर आलीय हे देठावरून कळतं. मोकळ्या पाण्यातल्या रोपाचे देठ आखूड आणि फुग्यासारखे फुगलेले असतात. बुडाशी आडवा धुमारा निघतो, त्याच्या टोकाला पिल्लू रोप. दाटी झाली की देठ उंच, सडपातळ होतात आणि नवी पिल्लं कमी येतात, कारण जागा आणि उजेड संपलेला असतो. त्यामुळे तळ्याची एकूण भर सगळ्यात झपाट्याने होते ती अर्धं तळं झाकलेलं असताना. निम्मी काढून थांबणं म्हणजे तिला ऐन वाढीच्या टप्प्यावर आणून सोडणं.

दिवाळीनंतर सुरू करून थंडीतच उरका. तेव्हा वाढ मंदावलेली असते. पाणी जिथून येतं तिथे तरंगता दोर आडवा बांधा, नाहीतर वरून नवी रोपं येतच राहतात. मशीनने तुटलेला डोळ्यासकटचा तुकडाही पुन्हा फुटतो, म्हणून मागोमाग जाळीने वेचा. ढीग काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत पाण्यात जातो. नंतर दर आठ-दहा दिवसांनी एक फेरी हवीच. फुलं येण्याआधी काढणंही महत्त्वाचं, कारण बी गाळात कित्येक वर्षं टिकतं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ओल्या काठावर उगवतं.

तणनाशक मारू नका. मेलेली जलपर्णी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात, आणि तिने शोषलेलं नत्र-स्फुरद, म्हणजे तिचं खतच, पुन्हा पाण्यात उतरतं. 1980 च्या दशकात भारतात आणलेले, जलपर्णी खाणारे नीओचेटिना भुंगे तिला रोखतात, पण त्यांना जम बसवायला काही वर्षं लागतात. मधेच मशीन फिरवलं तर रोपांबरोबर भुंगेही जातात.

हे सगळं करून संख्या खाली राहते, पण तळ्याची कमाल मर्यादा तीच राहते. ती ठरवतं सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद. मैलापाण्याचे नाले वळवल्याशिवाय दर आठ-दहा दिवसांची फेरी सुटणार नाही.