लाइट बिल पहिल्यांदाच स्वतः भरतोयस ना, मग हे वाच

भावा, शेवटचा आकडा बघून घाबरू नकोस, आधी मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग बघ, आणि मीटरवर जाऊन ताडून बघ. रीडिंगच्या जागी सरासरी लावली असेल तर लगेच तक्रार टाक, माझ्याकडं दोन महिने तसंच चाललेलं आणि मी येड्यासारखा भरत बसलो.

आता स्लॅबचं, म्हणजे युनिटच्या टप्प्यानुसार बदलणाऱ्या दराचं. लोक म्हणतात 100 च्या वर गेलं की सगळंच महाग, तसं नाही रे. 340 युनिट झाले तर पहिले 100 स्वस्त दरानंच, पुढचे 200 त्याच्या वरच्या दरानं, आणि फक्त 40 ला तिसरा दर. त्याच्यावर स्थिर आकार (घराला कुलूप असलं तरी येणारच), वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणायचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचं) आणि 16 टक्के वीज शुल्क.

1000 वॅट एक तास म्हणजे 1 युनिट, म्हणून 2000 वॅटचा गिझर अर्धा तास म्हणजेही 1 युनिट, हिशोब सोपाय. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये कूलर रात्रभर चालतो, पाणी आलं की मोटर वेगळीच, त्यामुळं उन्हाळ्यातलं बिल जानेवारीच्या बिलाशी लावू नको, मागच्या मेशी लाव. आणि सुरक्षा ठेवीचं (वीज कंपनीकडं ठेवायच्या डिपॉझिटचं) बिल वेगळं येतं, ते वापराचं नसतं.