नाटकावरून केलेला, भीती आणि हसू एकत्र असलेला फ्रेंच सिनेमा कोणता?

‘ल पेर नोएल एत उन ओर्द्युर’ (1982) बघा. ‘ल स्प्लेंदिद’ या पॅरिसच्या नाटकमंडळीच्या 1979 च्या फार्सवरून केलेला. दिग्दर्शक जाँ-मारी प्वारे. नाताळच्या रात्री खचलेल्या लोकांसाठीच्या टेलिफोन मदतकेंद्रात एकेक विक्षिप्त प्राणी येऊन थडकतो. चुकून गोळी लागून लिफ्ट दुरुस्त करणारा मरतो, मग त्याच्या प्रेताचे तुकडे भेटवस्तूंसारखे कागदात गुंडाळून प्राणिसंग्रहालयात नेतात! भुताखेताचं काही नाही, त्यामुळे निव्वळ हॉरर म्हणता येणार नाही. खरी गंमत मदतकेंद्रात फोन घेणाऱ्या दोघांच्या, म्हणजे नट तिएरी लेर्मित आणि नटी आनेमोनच्या, मख्ख सभ्यपणात आहे. केंद्रात मुडदा पडलाय आणि यांचं शिष्टाचाराचं बोलणं काही सुटत नाही. शेजारी प्रेस्कोविच तर आपले किळसवाणे लाडू घेऊन दर वेळी नेमका नको तेव्हाच टपकतो. फ्रान्समध्ये यातले संवाद लोकांना तोंडपाठ आहेत. 1994 चा अमेरिकन रिमेक सोडून द्या.