कटानाने चिलखत कापले जाते का?

प्रश्न : सामुराईची (जुन्या जपानी योद्ध्याची) कटाना ही तलवार युरोपातल्या नाइटचे (घोडेस्वार सरदाराचे) चिलखतसुद्धा कापते, हे खरे का? दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

उत्तर : कापत नाही. पंधराव्या शतकातले पूर्ण चिलखत साधारण २० ते २५ किलोचे. त्याचे पत्रे मुद्दाम गोलसर घडवलेले असत, त्यामुळे वार बसण्याऐवजी घसरून जाई. शिवाय कटाना घडते कशी ते पाहा. पाणी देण्याआधी पात्यावर मातीचा लेप चढवतात, पाठीकडे जाड, धारेकडे पातळ. तापलेले पाते पाण्यात बुडवले की धार झटक्यात थंड होऊन कडक बनते, पाठ सावकाश निवते आणि मऊ राहते. म्हणूनच ती इतकी छान कापते. पण कडक धार पोलादावर आदळली की तिचा कपचा उडतो आणि वाकलेले पाते वाकलेलेच राहते. युरोपातली चांगली तलवार वाकून परत सरळ होई. पत्रा मात्र तिनेही कापला जात नसे.

मग चिलखतधारी माणूस मरायचा कसा? फटीतून. बगल, मांडीचा सांधा, गुडघ्यामागची बाजू, शिरस्त्राणातली डोळ्यांची खाच. नाइट एक हात मुठीवर ठेवून दुसऱ्याने पात्याचा मध्य पकडी आणि तलवार आखूड भाल्यासारखी फटीत खुपसे. पकड घट्ट असेल तर हात कापत नाही. पाते मुठीत सरकले की कापतो. जमले नाही तर अंगाला भिडून, खाली पाडून कट्यार. सामुराईही नेमके हेच करत. झोंबीसाठी त्यांच्याकडे ‘योरोइ-दोशी’ असे, जाड पात्याची आखूड कट्यार. नावाचा अर्थच ‘चिलखत भेदणारी’.

राहिला जिंकण्याचा प्रश्न. आधी शतक ठरवावे लागेल. बाराव्या शतकातला सामुराई मुळात घोड्यावरचा तिरंदाज. धनुष्य दोन मीटरहून लांब आणि मूठ मध्याच्या बरीच खाली. दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले, ढाल धरणार कशी? म्हणून खांद्यांवर मोठे चौकोनी फलक लटकत, तीच त्याची ढाल. त्या काळचा नाइट साखळीच्या चिलखतात, भाला काखेत दाबून, रिकिबीत पाय रोवून येणार. मोकळ्या मैदानात मी तिरंदाजाला झुकते माप देईन, अरुंद जागी भाल्याला. पंधराव्या शतकात, पायउतार होऊन झुंज झाली, तर पत्र्याचे चिलखत भारी पडेल.

प्रश्न : जपानी लोकांनी युरोपीय चिलखत कधी पाहिले होते का?

उत्तर : पाहिले आणि वापरलेही. १५४३ मध्ये पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर उतरले, सोबत तोड्याच्या बंदुका होत्या. पुढे युरोपीय छातीपत्रेही आली. त्यांच्या मधोमध उभी कड असल्याने गोळी घसरण्याचा संभव जास्त. जपानी कारागिरांनी अशा पत्र्याला खाली दोऱ्यांनी विणलेले आपले घोळदार फलक जोडले. जपानचा शोगुन (लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासु याचे म्हणून ओळखले जाणारे असे एक चिलखत निक्कोच्या तोशोगू देवस्थानाने जपले आहे.