फळमाशी फळ कसे निवडते?

प्रश्न : आमच्या हापूसच्या बागेतील सापळ्यांत फळमाश्या भरपूर पडतात, तरीही आंब्यात अळ्या निघतात. असे का होते? (एक बागायतदार, देवगड)

उत्तर : सापळ्यातील मिथाइल युजेनॉल या वासाच्या रसायनाला भुलतात ते नर. मादी पिकू लागलेल्या फळाच्या वासावर आणि रंगावर येते, सालीवर फिरून चाचपणी करते आणि मऊ जागी किंवा आधीच्या छिद्रात अंडनलिका खुपसून अंडी घालते, त्यांतूनच अळ्या निघतात. तिथे टाचणी टोचल्यासारखा बारीक डाग राहतो. तिचे स्वतःचे खाणे मात्र वेगळे असते, कारण अंडी तयार होण्यासाठी लागणारी प्रथिने ती पानांवरील तुडतुड्यांचा चिकटा (त्यांनी सोडलेला गोड चिकट द्रव) आणि जिवाणू चाटून मिळवते. म्हणूनच सापळ्यांच्या जोडीला प्रथिनयुक्त आमिष वापरावे. कुंपणालगतच्या पेरूकडेही लक्ष असू द्या. आंबा संपल्यावर तिची पुढची पिढी बहुधा तिथेच वाढते.